गुडघा दुखतो म्हणून मनगट विसरू नका

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझं वय 61. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. पायऱ्या उतरताना जीव नकोसा होतो, खाली बसलं तर उठवत नाही, कधी कधी चालताना उजवा पाय अचानक सुटतो. सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेलं असतं, मग मोकळं होतं. एक्स-रेवर 'ग्रेड 3' लिहिलं आहे. एक डॉक्टर म्हणाले दोन्ही गुडघे बदला, दुसरे म्हणाले ग्रीसचं इंजेक्शन घ्या. रक्तात आरए फॅक्टर थोडा वाढलेला आणि युरिक अ‍ॅसिड 6.8 आलं, म्हणून नणंद म्हणते हा वात आहे, डाळी आणि टोमॅटो बंद कर. फार्मसीतून एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी आणून चार महिने सकाळ-संध्याकाळ घेते. डायबेटीससाठी मेटफॉर्मिन आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड चालू आहे. वजन 74 किलो, उंची पाच फूट. बेचाळिसाव्या वर्षी गर्भपिशवी काढली, तेव्हा दोन्ही ओव्हरीही काढल्या. दोन पावसाळ्यांपूर्वी आंगणात शेवाळावर घसरून मनगट मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर होतं, आता बरं आहे. ऑपरेशन करून घेऊ का? आणि पौषात धालो, म्हणजे बायकांचा ओळीतला नाच, खेळायला गेले तर चालेल का?"

ताई,

तुमचं सगळं पत्र गुडघ्यांबद्दल आहे. मनगटाची एकच ओळ, तीही 'आता बरं आहे' म्हणून संपते. मला जास्त काळजी वाटली ती त्या ओळीची. गुडघ्याचा त्रास खरा आहे आणि त्यावर पुष्कळ काही करता येतं. पण उभ्या उंचीवरून घसरून मनगट मोडणं ही आतून हाड ठिसूळ झाल्याची खूण असू शकते, आणि ती कोणी तपासलेली दिसत नाही. गुडघा सुटला की माणूस पडतो, पडलं की ठिसूळ हाड मोडतं, आणि पुढच्या वेळी मोडणारं हाड खुब्याचं असू शकतं. म्हणून या दोन आजारांचे उपाय एकत्रच करायला हवेत.

त्याआधी, उद्या सकाळपासून ती एसिक्लोफेनॅकची गोळी बंद करा. तुमच्या बीपीच्या गोळीत दोन औषधं आहेत. त्यातलं हायड्रोक्लोरोथायझाइड शरीरातलं पाणी कमी करतं आणि टेल्मिसार्टन मूत्रपिंडाच्या गाळणीतला दाब उतरवतं. वेदनाशामक त्याच वेळी गाळणीकडे रक्त आणणारी वाहिनी आकसवतं. हे तिन्ही एकत्र आले, वर डायबेटीस असला, की मूत्रपिंड हळूहळू मार खातं. कुठे दुखत नाही, लघवी होत असते आणि रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती गाळतं ते सांगणारा आकडा, वाढत राहतं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा मे महिन्यात पाणी कमी पडलं, की एकदम बिघडतं. शिवाय वेदनाशामकानं बीपी चढतं, मग बीपीची गोळी वाढवली जाते. 'एटोरिकॉक्सिब सौम्य असते' असं कोणी सांगेल. ती जठराला सौम्य आहे, मूत्रपिंडाला नाही, आणि बीपी तीही वाढवते. बीपीची गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. याच आठवड्यात क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासा. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, जठरातून रक्त जात असतं.

मग दुखण्याला काय? डायक्लोफेनॅकचं जेल. हे खाण्याच्या गोळीपेक्षा रक्तात फार कमी उतरतं. बहुतेक जण मटाराएवढं लावतात आणि गुण नाही म्हणून सोडून देतात. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकी पट्टी ओढली की साधारण अर्धा ग्रॅम होतं. एका गुडघ्याला एका वेळी 2 ते 4 ग्रॅम, म्हणजे चार ते आठ पेरं लागतात, दिवसातून तीन-चार वेळा, निदान दोन आठवडे सलग. सध्या फक्त उजव्या गुडघ्याला लावा. हलक्या हातानं पसरवा, वर पट्टी गुंडाळू नका, शेक देऊ नका, हात धुवा. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर जेलबद्दलही डॉक्टरांना विचारा. अगदी वाईट दिवशी पॅरासिटामॉल 650 ची एक गोळी, दिवसात तीनपेक्षा जास्त नाही. ती घेताना सर्दीतापाच्या गोळीत तेच औषध नाही ना, हे वेष्टनावर वाचून घ्या.

आता मनगट. चालता चालता घसरून, हात टेकून मनगट मोडलं, वय साठच्या आसपास आणि पाळी बेचाळीसलाच संपलेली. ओव्हरी काढल्या की इस्ट्रोजेन एकदम बंद होतं आणि हाडांची झीज वेगानं सुरू होते. तुमच्या हाडांना ही झीज इतर बायकांपेक्षा काही वर्षं आधी लागली. असं एक मनगट मोडलं की पुढे खुबा किंवा मणका मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. प्लास्टर निघतं, बोटं हलू लागतात आणि फाईल बंद होते. हाड का मोडलं हा प्रश्न तसाच राहतो. हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत, म्हणून हे सगळीकडे घडतं.

हाडाची घनता मोजणाऱ्या तपासणीचं नाव डेक्सा. पडून राहायचं, दहा-पंधरा मिनिटं, सुई नाही, किरण अगदी थोडे. खुबा आणि कमरेचा मणका, दोन्हींची मोजणी मागा. अहवालातला टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी केलेली तुलना, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. उणे 1 ते उणे 2.5 च्या मधला पट्टा म्हणजे त्याच्या आधीची पायरी. पण तुमच्या बाबतीत हा आकडा दोन कारणांनी फसवू शकतो. मणक्याला झिजेमुळे आलेली हाडाची टोकं मोजणीत धरली जातात आणि मणक्याचा स्कोअर खोटा चांगला दिसतो, म्हणून खुब्याचा आकडा जास्त विश्वासाचा. शिवाय डायबेटीसमध्ये हाडाची घनता बरी दिसते, पण हाड त्या मानानं कमजोर असतं. त्यामुळे उणे 1.8 आला आणि कोणी 'ठीक आहे' म्हटलं, तर 'माझं मनगट पडून मोडलेलं आहे' हे वाक्य ठासून सांगा. आकडा आणि मोडलेलं हाड एकत्र धरूनच उपचार ठरतात. शिबिरात टाचेवर यंत्र ठेवून देतात त्या चिठ्ठीवर यातलं काहीच ठरवता येत नाही.

घरी एक मोजणी करता येईल. अनवाणी, भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभ्या राहा, उंची मोजा, जुन्या कागदांवरच्या उंचीशी ताडून पाहा. चार सेंटिमीटर किंवा जास्त घट असेल तर मणक्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे हवा. मणक्यातली बरीच फ्रॅक्चर 'कंबर भरली' म्हणून निघून जातात.

रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, 25-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, टीएसएच, ईएसआर आणि क्रिएटिनिन. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असाल तर बी-12 सुद्धा, कारण ते कमी झालं की तळपायाची जाणीव बोथट होते आणि अंधारात तोल जातो.

व्हिटॅमिन डी 20 नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, आणि नंतर महिन्याला एक, असं साधारण देतात. चूक होते ती पुढे. 'आठवड्याला एक' हे दोन-दोन वर्षं चालू राहतं. मग रक्तात कॅल्शियम चढतं, तहान लागते, बद्धकोष्ठ होतो, मळमळतं, मूत्रपिंड बिघडतं. आठ आठवडे म्हणजे आठच पुड्या.

कॅल्शियम दिवसाला सगळं मिळून 1000 ते 1200 मिलिग्रॅम हवं. दोनशे मिली दुधात साधारण 240, वाटीभर दह्यात 180 च्या आसपास, पन्नास ग्रॅम नाचणीत 170 च्या वर. तिझन, म्हणजे नाचणीची खीर, गुळाचं नको, डायबेटीस आहे. त्याच पिठाची ताकातली आंबील करा. लहान तारले मऊ शिजवून काट्यासकट चावून खाल्ले तर त्यातूनही चांगलं मिळतं. उरलेल्यासाठी 500 मिलिग्रॅमची एक गोळी पुरते, जेवणाबरोबर. वेष्टनावर 'कॅल्शियम कार्बोनेट 1250' लिहिलं असेल तर त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500 च असतं. थायरॉइडची गोळी घेत असाल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

कॅल्शियम आणि डी म्हणजे पाया. ऑस्टिओपोरोसिस निघाला तर तेवढ्यानं भागत नाही. अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर घेतली तर औषध शरीरात जात नाही. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. हे जमत नसेल तर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड 5 मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, त्यानं घाबरू नका. पण ते देण्याआधी मूत्रपिंड तपासलेलं आणि व्हिटॅमिन डी भरून काढलेलं हवं. दात काढायचे असतील तर आधी काढून घ्या. ही औषधं जन्मभराची नसतात. गोळी साधारण पाच वर्षं, इंजेक्शन तीन वर्षं, मग पुन्हा मोजून ठरवायचं. डेनोसुमॅब हे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा पोटाच्या कातडीखाली देतात. ते घेतलंत तर तारीख चुकवू नका. ते मध्येच सोडलं की मणके एकामागून एक मोडल्याची उदाहरणं आहेत.

आता गुडघे. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून ही झीज आहे, ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. वय पंचेचाळीसच्या वर, हालचालीनं दुखणं आणि सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत, एवढ्यावर हे निदान करता येतं. आमवातात सकाळचं आखडणं तास-तासभर टिकतं, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे आणि मनगटं सुजतात, मूठ वळत नाही. आमवाताची खूण समजला जाणारा आरए फॅक्टर थोडा वाढलेला निरोगी माणसांतही सापडतो, वयाबरोबर जास्तच. शंका फिटत नसेल तर अँटी-सीसीपी आणि सीआरपी करून घ्या. ते नॉर्मल असतील आणि हात सुजत नसतील तर आमवाताची भीती काढून टाका. युरिक अ‍ॅसिड 6.8 येण्यात तुमच्या बीपीच्या गोळीचाही हात असू शकतो, कारण हायड्रोक्लोरोथायझाइड ते वाढवतं. गाउट असा चार वर्षं मंद दुखत नाही. तो रात्रीतून पेटतो, बहुधा पायाच्या अंगठ्याला, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. तसं कधी झालेलं नसेल तर त्या आकड्यासाठी गोळी नको आणि पथ्यही नको. डाळ-टोमॅटो खा. डाळ सोडली तर उलट प्रथिनं कमी पडतील आणि मांडीचे स्नायू आणखी वितळतील.

तपासायला जाल तेव्हा दुखतं ती जागा एका बोटानं दाखवा. सांध्याच्या रेषेवर आतल्या बाजूला दुखत असेल तर झीज. त्याच्या तीन बोटं खाली, नडगीच्या आतल्या बाजूला दाबून दुखत असेल तर तिथल्या पाणपिशवीची सूज. ती वजन जास्त असलेल्या, डायबेटीस असलेल्या बायकांत सारखी दिसते आणि वेगळ्या, सोप्या उपायानं बरी होते. गुडघ्याला बोट लावूनही नेमकी जागा सापडत नसेल आणि मांडी आत वळवली की जांघेत दुखत असेल, तर दोष खुब्यात आहे आणि दुखणं गुडघ्यात उतरतंय. चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर तेही सांगा, त्याची सांधेदुखी काही जणांत महिनोन्महिने टिकते.

एक्स-रे उभ्यानं काढला होता का? झोपून काढलेल्या फोटोत सांध्यावर भार नसतो, मधली जागा खोटी मोठी दिसते. 'गॅप कमी झाली' म्हणजे कूर्चा पातळ झाली. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून दोन हाडांमधली रिकामी जागा पाहून तिचा अंदाज घेतात. ग्रेड 0 ते 4 ही झिजेची केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 साली मांडलेली मोजणी आहे. ग्रेड आणि दुखणं यांचं गणित जुळेलच असं नाही. ग्रेड 3 असून शेतात राबणारी माणसं असतात आणि ग्रेड 2 ला न झोपणारीही. एमआरआयची तुम्हाला गरज दिसत नाही. या वयात त्यात सांध्यातली गादी बहुतेक वेळा फाटलेली दिसते, आणि मग दुर्बिणीतून ती साफ करण्याची गोष्ट निघते. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बिणीतून केलेली सफाई नुसत्या कातडीवरच्या छेदांपेक्षा सरस ठरली नाही, हे अमेरिकेत 2002 सालीच दाखवून झालं आहे.

ज्या उपायावर मला खरंच भरवसा आहे तो म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. तुमचा पाय सुटतो तो बहुधा हाच स्नायू कमजोर झाल्यामुळे, आणि तो सुधारला की दुखणंही उतरतं आणि पडणंही टळतं.

पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा आणि गुडघ्यानं तो खाली दाबा. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. मग उताणं झोपून एक गुडघा दुमडा, दुसरा पाय सरळ ठेवून वीत-दीड वीत उचला, पाच सेकंद धरा, हळू खाली आणा. दहा वेळा, असे तीन फेरे, मध्ये मिनिटभर विश्रांती. श्वास रोखू नका, बीपी चढतं. मोठ्यानं आकडे मोजा म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. कुशीवर होऊन वरचा पाय बाजूला उचलणं, तेवढ्याच वेळा. हा खुब्याच्या बाजूचा स्नायू चालताना तोल धरतो. ओट्याला धरून टाचा उचलणं, पंधरा वेळा.

सगळ्यात मोलाचा व्यायाम खुर्चीतून उठण्याचा. भिंतीला टेकवलेली घट्ट खुर्ची घ्या, बसायची उंची कमी वाटली तर वर घडीची चटई ठेवा. हात छातीवर ठेवून उठा आणि बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत बसा. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, मग दहा, मग दोन फेरे. सोपं वाटू लागलं की चटई काढा. पाय उचलण्याच्या व्यायामाला तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोट्याला अर्ध्या किलोचं वजन बांधा. जुन्या मोज्यात तांदूळ भरून बांधले तरी चालतं. आठवड्यातून निदान तीन-चार दिवस.

पहिले दोन आठवडे थोडं जास्त दुखेल, आणि बहुतेक जणी तिथेच सोडतात. खूण अशी: व्यायाम करताना दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं आधीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर फेरे कमी करा, व्यायाम बंद करू नका. फरक सहाव्या आठवड्याच्या सुमारास जाणवतो, बारा आठवडे झाल्याशिवाय निकाल लावू नका. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जिल्हा हॉस्पिटलात फिजिओथेरपी विभागात एकदा जाऊन सगळं समोर करून दाखवा. शेक आणि मशीनवर आठ-दहा दिवस घालवून व्यायाम न शिकता परत येऊ नका.

काही गोष्टी टाळा. वज्रासन आणि मांडी घालून तासभर बसणं गुडघ्याला जड जातं. पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं, कंबर पिळणं आणि वाकून भरलेली कळशी उचलणं ठिसूळ मणक्याला धोक्याचं, डेक्सा होईपर्यंत तरी बंद. आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत असाल तर ती काढा. आराम वाटतो, पण गुडघा हळूहळू वाकलेलाच राहतो आणि मग सरळ होत नाही.

वजन 74 वरून 69 वर आणता आलं तर बघा. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं हलका होतो. सकाळचा भाजीपाव आणि दोन्ही वेळचा भात यातलं काहीतरी निम्मं करावं लागेल, मासळी नाही. मासळीचं हुमण ठेवा, नारळ कमी घाला, तळणं कमी करा. उपास करून वजन उतरवलं तर स्नायू आणि हाड दोन्ही जातात, म्हणून महिन्याला एक-दीड किलोच्या वर घाई नको.

घरात: आदोळीवर खाली बसून नारळ खवण्याऐवजी ओट्याला बसणारी खवणी घ्या. चवथीच्या तयारीत नेवऱ्या टेबलावर करा. कमोड, किंवा आहे त्यावर ठेवायची खुर्ची, आणि भिंतीला धरायला पक्का दांडा. आंगणातलं शेवाळ पावसाळ्यात दर पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून कडक ब्रशनं घासून घ्या, त्यात अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. तुळशीकडे जायच्या वाटेवर तरी हे हवंच. गुळगुळीत झालेल्या रबरी चपला टाकून द्या, टाचेला पट्टा असलेल्या घ्या. काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात धरायची. मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर, टोकाचं रबर झिजलं की बदलायचं. पायऱ्या चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आणि काठी आधी. रात्री लघवीला उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उभ्या राहा, बीपीच्या गोळ्यांनी त्या वेळी डोकं फिरतं.

गावातल्या तेलाच्या मालिशीला हरकत नाही, हलक्या हातानं. सांधा ओढणं, मणक्यावर दाब देणं मात्र नको. आणि पुडीवर नाव-गाव नसलेली कुठलीही पावडर घेऊ नका. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण आला, चेहरा सुजला, साखर चढली, तर आत स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका असते. स्टेरॉइड हाडं पोखरतं आणि अचानक बंद केलं तरी धोका असतो, म्हणून पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

ग्रीसच्या इंजेक्शनाबद्दल स्पष्ट सांगते. ते हायालुरोनिक अ‍ॅसिड असतं, महाग असतं, आणि त्याचा फायदा इतका तोकडा आहे की मी तुम्हाला त्यावर खर्च करायला सांगणार नाही. पीआरपीचं, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनाचंही तेच, 2021 च्या एका मोठ्या चाचणीत ते मिठाच्या पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचे पैसे दुधा-मासळीला लावा. स्टेरॉइडचं सांध्यातलं इंजेक्शन मात्र गुडघा सुजून व्यायामच करता येत नसेल तेव्हा उपयोगी पडतं, आराम काही आठवडे टिकतो. त्यानंतर काही दिवस साखर चढते, घरी मोजत राहा. पुढे सांधा बदलायचा असेल तर त्याच्या आधीचे तीन महिने ते नको, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

ऑपरेशन आज नको. ते वाईट आहे म्हणून नव्हे, गुडघा बदलणं हे हाडांच्या शस्त्रक्रियांतल्या सर्वांत समाधान देणाऱ्यांपैकी एक आहे आणि बसवलेल्या दहापैकी आठ गुडघे पंचवीस वर्षं टिकतात. पण तुम्ही अजून व्यायाम, वजन आणि योग्य औषध यांतलं काहीच पुरेसं केलेलं नाही. चार-सहा महिने हे नीट करूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात फिरणं अवघड होत असेल, तर जरूर करा, तेव्हा लांबवू नका. तोपर्यंत एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, साडेसातच्या आसपास आणा, दातांतला आणि लघवीतला संसर्ग बरा करा, ठिसूळ हाडाचा उपचार सुरू झालेला असू दे. दोन्ही गुडघे एकाच वेळी करण्यात हृदयावर आणि रक्तावर ताण जास्त, तुमच्या तब्येतीला एक-एक बरं. खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तारीख ठरवण्याआधी ही शस्त्रक्रिया कुठल्या हॉस्पिटलात त्यात बसते ते लेखी विचारा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त माणसांना चार लाख ही मर्यादा आहे. गुडघ्याच्या इंप्लांटच्या किमतीवर केंद्र सरकारनं ऑगस्ट 2017 पासून कमाल मर्यादा घातली आहे. बिलात इंप्लांटची किंमत वेगळी आणि त्याचे स्टिकर लावलेले असायला हवेत.

काही गोष्टींना वाट पाहायची नाही. गुडघा एकाएकी सुजून गरम झाला आणि ताप आला, तर तो सांध्यातला पू असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल. साधं पडल्यावर जांघेत कळ आली, पाय टेकवत नाही, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर मालीश नको, उभं करणं नको, 108 ला फोन. खुबा मोडला असेल तर शक्यतो 48 तासांच्या आत ऑपरेशन झालेलं चांगलं. वाकून काही उचलल्यावर पाठीत अचानक कळ आली तर मणक्याचा एक्स-रे.

धालोला जा. ओळीत धरून पुढे-मागे डुलत चालण्यानं या गुडघ्यांचं काही बिघडत नाही, आणि पौष यायच्या आधी व्यायाम सुरू झालेला असेल तर झेपेलही. मांडावर, म्हणजे धालोच्या जागेवर, अनवाणी असता, म्हणून आधी जमीन ओली किंवा खडबडीत नाही ना ते पाहून उभ्या राहा, ओळीच्या टोकाला न राहता मध्ये राहा, दोन गाण्यांनंतर खुर्चीवर बसा. फुगडी मात्र या वर्षी नको. एका पायावर गिरकी घेताना गुडघा पिळला जातो, हात सुटला तर उताणं पडायला होतं, आणि डेक्साचा अहवाल अजून हातात आलेला नाही.